पार्कातली हरणं मारून कमी करणं: लेकीच्या गावची पाटी आणि आपलं सागरेश्वर

गुरुजी, नमस्कार.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. हिवाळ्यात तुम्ही न्यू जर्सीला लेकीकडे होता. रोज सकाळी ज्या पार्कात फिरायला जायचा, त्याच्या फाटकावर एक दिवस पाटी लागली की हरणांच्या नियंत्रित शिकारीसाठी पार्क बंद आहे. दुसऱ्या दिवशी एका पिकअपच्या हौद्यात मेलेली हरणी बघून आठ वर्षांची नात रडली आणि तुमचंही मन विटलं. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. हे क्रूर नाही का? मारण्याऐवजी नसबंदी करणं किंवा दुसरीकडे नेऊन सोडणं का जमत नाही? आणि ते लोक बरोबर असतील, तर सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वर अभयारण्यात आणि राधानगरी अभयारण्यातल्या दाजीपूरच्या गव्यांच्या बाबतीत आपण तेच का करत नाही?

मी मूळचा राधानगरी तालुक्यातला. पेन्सिल्व्हेनियात एका काउंटीच्या पार्क खात्यात एकोणीस वर्षं हरणांचंच काम केलं, आता सहा वर्षं झाली कोल्हापुरात परत येऊन. शिकारीचे परवाने देणं, मचाणांच्या जागा ठरवणं, मारलेलं प्रत्येक हरिण टेबलावर घेऊन तपासणं ही माझी नोकरी होती. त्यामुळं उत्तर लांबेल, पण ऐकीव काही सांगणार नाही.

आधी जंगल बघू, मग हरणं. तुम्ही ज्या पार्कात फिरत होता तिथं एक गोष्ट तुमच्या नजरेला आली असेल, पण तिचा अर्थ कुणी सांगितला नसेल. मोठी झाडं भरपूर, आणि त्यांच्याखाली सगळं मोकळं. झाडीतनं आरपार दोनशे पावलं दिसतं. आपल्याला वाटतं, काय स्वच्छ रान ठेवलंय! खरं तर ते खाल्लेलं रान आहे. तिथल्या झुडपांच्या आणि खालच्या फांद्यांच्या पानांना एक सरळ रेघ दिसते, जमिनीपासून साधारण पाच फुटांवर, कुणी दोरी लावून कापल्यासारखी. हरणाचं तोंड तिथपर्यंत पोचतं. त्या रेघेच्या खाली ओकचं रोप नाही, मेपलचं नाही, रानफुलं नाहीत. उरतात ती हरणाला न आवडणारी नेच्याची झाडं आणि बाहेरून आलेलं काटेरी तण. वरची झाडं शंभर-दीडशे वर्षांची. ती एकेक करून पडतील तेव्हा त्यांच्या जागी यायला खाली कुणीच नाही. सगळी म्हातारी माणसं आणि एकही पोर नसलेल्या वाडीसारखी त्या जंगलाची अवस्था असते.

म्हणून आम्ही कुठल्याही पार्कात काम सुरू करताना हरणं मोजायच्या आधी तारेचं कुंपण घालायचो. घरातल्या खोलीएवढा जमिनीचा तुकडा, चारी बाजूंनी आठ फूट उंच जाळी, आणि त्याच्या शेजारी तेवढाच तुकडा चार खुंट्या ठोकून उघडा. दोन्हींवर ऊन सारखं, पाऊस सारखा, माती सारखी. तिसऱ्या-चौथ्या वर्षी कुंपणाच्या आत गुडघाभर रोपं उभी राहायची आणि बाहेर पाचोळा. गावच्या बैठकीत शिकारीच्या विरोधात बोलणाऱ्या लोकांना मी आकडे कमी दाखवायचो, त्यांना त्या कुंपणापाशी घेऊन जायचो. सगळे पटले असं नाही, पण तिथं गेल्यावर आवाज खाली यायचे.

हरणं एवढी झाली कशी? १९०० च्या सुमाराला अमेरिकेत पांढऱ्या शेपटीचं हरिण संपायला आलं होतं. बाजारात विकण्यासाठी बेसुमार शिकार झाली आणि देशभरात पाच लाखांच्याही खाली उरली असावीत असा अंदाज आहे. आज तीच संख्या तीन कोटींच्या घरात धरतात. मधल्या काळात बाजारासाठी शिकार बंद झाली, कायदे झाले, हरणं दुसरीकडून आणून सोडली. तो भाग अभिमानाचा आहे. पण पूर्वेकडच्या राज्यांतून लांडगा आणि डोंगरी सिंह त्याआधीच नाहीसे केले होते. मग शहरं पसरली. बंगल्यांभोवती हिरवळ, खत घातलेली बाग, मध्ये मध्ये झाडीचे तुकडे आणि कुठंही बंदूक चालवायला बंदी. हरणाला याहून सोयीची जागा कुठली? खायला बारा महिने, खाणारा कुणी नाही.

हे नवीन नाही. ॲरिझोनात कायबाब नावाचं पठार आहे, ते १९०६ साली राखीव केलं. हरणांची शिकार बंद केली आणि डोंगरी सिंह, कोल्हे मारून साफ केले. हरणं वाढत गेली. किती वाढली यावर अभ्यासकांचे आजही वाद आहेत, पण १९२० नंतरच्या हिवाळ्यांत ती भुकेनं मोठ्या संख्येनं मेली आणि जंगलाचा खालचा थर बोडका झाला, यावर वाद नाही. शेवटी केंद्र सरकारनं जंगल वाचवायला हरणं मारायला घेतली तेव्हा राज्याच्या अधिकाऱ्यांनी राज्याच्या शिकार कायद्याखाली अटका केल्या आणि केंद्र सरकार कोर्टात गेलं. १९२८ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की आपल्या जमिनीचं नुकसान थांबवायला केंद्र सरकारला हरणं मारता येतील.

आता ती पाटी लागते म्हणजे नेमकं काय होतं ते सांगतो, कारण 'शिकार' म्हटलं की आपल्या कोल्हापूरकरांच्या डोळ्यापुढं संस्थानी शिकार येते. पाळलेल्या चित्त्यांकडून काळवीट धरायचे, भिंतीवर शिंगं लावायची. त्या शिकारीत मोठ्यात मोठा नर हवा असायचा. पार्कातल्या नियंत्रित शिकारीत आम्हाला अगदी साधी, बिनशिंगाची मादी हवी असायची, आणि सगळी खटपट त्यासाठीच असायची.

उन्हाळ्यात अर्ज मागवायचे. अर्ज जागांपेक्षा जास्त येतात, म्हणून सोडत निघते. ज्याचं नाव निघेल त्याला नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. आमच्याकडे धनुष्यबाणवाल्यांना वीस यार्डांवर पाचपैकी पाच बाण वहीच्या पानाएवढ्या जागेत मारावे लागायचे. एक चुकला की पुढच्या वर्षी या. मग मचाणाची जागा ठरते. प्रत्येकाची जागा नकाशावर पक्की, तिथून हलायचं नाही. मचाण उंचावर असण्याचं कारण दिसण्यापेक्षा सुरक्षिततेचं असतं: वरून खाली मारलेला बाण चुकला तर जमिनीत घुसतो, घरांकडं जात नाही. पायवाटा बंद, फाटकांवर माणसं. आणि सगळ्यात महत्त्वाची अट: आधी मादी मारून आणा, मगच नराचा टॅग, म्हणजे नर मारायची परवानगीची चिठ्ठी, मिळेल.

ही अट का, ते शेळ्या पाळणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. चाळीस शेळ्यांना एक बोकड पुरतो. तुम्ही दहातले आठ बोकड विकले तरी पुढच्या वर्षी करडं तेवढीच होतात. हरणांचंही तसंच. चांगल्या चाऱ्यावरची हरणी दरवर्षी जुळी पाडसं देते. कळप वाढू द्यायचा नसेल तर मोठ्या माद्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा दरवर्षी काढावा लागतो, आणि एक वर्ष सुट्टी घेतली की आदल्या दोन वर्षांचं काम पाण्यात.

मी रुजू झालो त्याच्या आधी तीन वर्षं त्या खात्यानं ही अट ठेवलीच नव्हती. शिकारी खूश होते. शिंगांचे फोटो निघायचे, मारलेल्या हरणांचा आकडा मोठा दिसायचा. आणि कुंपणाबाहेरचा तुकडा जसाच्या तसा बोडका. तीन वर्षांत शंभरावर जनावरं मारली गेली आणि जंगलाला काडीचा उपयोग झाला नाही. त्या जनावरांचं मला आजही वाईट वाटतं. मारायचंच असेल तर ज्यासाठी मारतो ते काम झालं पाहिजे. ते होत नसेल तर ती नुसती हत्या आहे, मग कागदावर तिला व्यवस्थापन म्हणा की आणखी काही.

टेबलाचं सांगतो. डिसेंबरची पहाट, पत्र्याची शेड, हातमोज्यांतही बोटं बधिर. शिकारी हरणी आणून टेबलावर ठेवतो. आधी वजन. मग जबडा उघडायचा, बॅटरी मारायची आणि खालच्या जबड्यात बाजूचे दात बघायचे. तिसऱ्या दाढेला तीन उंचवटे दिसले तर दुधाची दाढ अजून पडलेली नाही, म्हणजे वय दीड वर्षाच्या आत-बाहेर. दोनच उंचवटे आणि दाढ पांढरी स्वच्छ दिसली तर नुकतीच बदललेली. त्यापुढं झिजेवरून अंदाज. मूत्रपिंडाभोवती चरबी किती आहे ते बघायचं. हंगामाच्या शेवटी मारलेल्या माद्यांच्या पोटात गर्भ किती, तेही मोजायचं. हे शेवटचं काम मला कधी सोपं गेलं नाही, आणि माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या पोरांनाही मी ते सोपं वाटू दिलं नाही. पण गाठ सगळी तिथंच सुटते. दीड वर्षाच्या हरणाचं वजन वर्षागणिक उतरत असेल, चरबी नसेल, गर्भ दोनाच्या जागी एक असेल, तर रान त्यांना पुरत नाही. आमच्याकडे माद्यांची अट लागू केल्यावर चौथ्या वर्षी दीड वर्षाच्या नरांचं सरासरी वजन चढायला लागलं. उरलेली हरणं पोटभर खात होती.

मांस वाया जात नाही. शिकारी घरी नेतो किंवा गरिबांच्या अन्नछत्राला देतो. न्यायची घाई असली तरी हरणांचा मेंदू झिजवणाऱ्या 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज' या सांसर्गिक रोगासाठी नमुना काढल्याशिवाय आम्ही सोडायचो नाही.

पाटी लागणाऱ्या सगळ्याच पार्कांत सामान्य शिकारी नसतात, हेही सांगतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत सहसा लोकांना शिकारीची परवानगी नसते; तिथं प्रशिक्षित नेमबाज रात्री, चारा टाकून, दुर्बिणीच्या बंदुकीनं काम करतात. पेन्सिल्व्हेनियातल्या व्हॅली फोर्ज इथं २०१० पासून असं चालतं. सुरू करताना तिथं एका चौरस मैलात सुमारे २४० हरणं होती, आणि जंगलाला झेपणारी संख्या ३१ ते ३५ ठरवली होती. एवढं अंतर असेल तर हौशी शिकाऱ्यांनी काम होत नाही. पहिल्या दोन हंगामांत जी हरणं भोळेपणानं समोर येतात ती संपली की उरलेली चलाख होतात, दिवसा बाहेर पडत नाहीत. तिथं नेमबाजच लागतो. मला विचाराल तर हरणाच्या दृष्टीनंही तोच बरा, कारण त्याची गोळी क्वचितच चुकते.

क्रूरतेचा प्रश्न इथं येतो, आणि मी तो टाळणार नाही. बाण प्रत्येक वेळी नीट लागत नाही. मी स्वतः टॉर्च घेऊन पानांवरच्या रक्ताच्या थेंबांमागं चार-चार तास फिरलोय. काही हरणं सापडली, काही नाही सापडली. जो शिकारी जखमी हरिण सोडून घरी गेला त्याला मी पुन्हा परवाना दिला नाही. तरीही, दर हंगामाला असं काही झालंच. दुसऱ्या पारड्यात मी फेब्रुवारी टाकतो. बर्फ गुडघाभर, खालची पानं संपलेली, आणि गेल्या जूनमध्ये जन्मलेली पाडसं झाडाची साल चावत उभी. ती एका दिवसात मरत नाहीत. बरगड्या वर येतात, मांडीच्या हाडातली मज्जा लालसर पातळ होते, एक दिवस बसलेली उठत नाहीत. आणि उरलेली रस्त्यावर मरतात. हरणांच्या आणि गाड्यांच्या धडका तिथं वर्षाला दहा लाखांहून जास्त होतात असा अंदाज आहे. लांडगा गेल्यावर हरणानं कसं मरायचं हे माणूसच ठरवतो, काही न करूनसुद्धा. मला एका चांगल्या नेमाचं मरण त्यातल्या त्यात बरं वाटतं. तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही.

एक खुलासा. काही गावांत शिकारीच्या बाजूनं लोक गोचिडींमुळं होणाऱ्या लाइम आजाराचं कारण देतात. मी ते कधी पुढं केलं नाही. हरणाच्या रक्तावर मोठी गोचीड पोसते हे खरं, पण आजाराचे जंतू ती मुख्यतः उंदरांसारख्या छोट्या प्राण्यांकडून घेते. हरणं थोडी कमी केली की आजार कमी होतो अशी हमी कुणी देऊ नये.

आता नसबंदीचं. तुमच्या लेकीच्या शेजाऱ्यांनी सांगितलं की इंजेक्शन मिळतं. मिळतं. मादीला गर्भ राहू नये म्हणून दोन प्रकारच्या लसी वापरतात. न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडवर अशी एक लस वर्षानुवर्षं वापरली गेली. बेटावर, जिथं बाहेरून नवीन हरणं येत नाहीत आणि असलेली माणसाळलेली आहेत, तिथं संख्या हळूहळू उतरू शकते. पण उघड्या पार्कात प्रत्येक मादी गाठायची, बंदुकीनं लस मारायची तर वीस-तीस मीटरांवर जायचं, पुढं पुन्हा तीच मादी शोधून पुढचा डोस द्यायचा. दुसऱ्या लसीसाठी हरणी पकडून हातानं टोचावं लागतं. दोन-तीनदा फसवली गेलेली हरणी तुम्हाला पाहून अर्ध्या मैलावरनं पळते. आणि टोचलेली हरणी आठ-दहा वर्षं जगते, रोज खाते. जंगलाला आज उसंत हवी असते, ती दहा वर्षांनी मिळते. न्यूयॉर्क शहरानं स्टॅटन आयलंडवर २०१६ पासून नरांची नसबंदी केली, त्यावर मोठा पैसा ओतला. बोकडाचा हिशोब वर सांगितलाच आहे: बहुतेक सगळे नर गाठले तरच त्याचा उपयोग.

पकडून दुसरीकडे सोडणं अमेरिकेत जवळजवळ बंद झालंय. एक तर तो मेंदूचा रोग पसरण्याची भीती. दुसरं म्हणजे, सोडायचं कुठं? प्रत्येक राज्यात हरणं आधीच जास्त. आणि धरपकडीत हरिण घाबरून धडपडतं, स्नायू इतके ताणतात की सुटल्यावरही काही दिवसांनी मरू शकतं.

या शेवटच्या मुद्द्यावर आपली परिस्थिती पूर्ण वेगळी आहे, म्हणून आता सागरेश्वर.

सागरेश्वर मला फार जवळचं आहे. ताकारी-देवराष्ट्रे बाजूचे ते उघडेबोडके डोंगर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या माणसांनी झाडं लावून हिरवे केले, हरणं आणून सोडली. १९८५ साली ते अभयारण्य झालं. क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर, भोवती कुंपण. म्हणजे तुम्ही न्यू जर्सीत बघितलेल्या पार्काशी त्याचं नातं दाजीपूरपेक्षा जास्त जवळचं: छोटी जागा, चारी बाजूंना शेती, आत चितळ आणि सांबर, आणि त्यांना खाणारा वाघ किंवा कोळसुंद्यांचा (रानकुत्र्यांचा) कळप नाही. अशा जागी हरणं वाढणारच. कुंपणाला भगदाड पडलं की ती ऊस, शाळू, द्राक्षबागेत येतात आणि शेतकरी रात्रभर जागतो. त्याचा राग मला पूर्ण समजतो.

मग बंदूक का नाही? पहिलं कारण कायद्याचं, आणि ते अगदी स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शास्त्रीय व्यवस्थापना'साठी परवानगी देण्याची तरतूद आहे. त्या शब्दाचा अर्थ कायद्यानंच सांगितलाय: प्राणी दुसऱ्या योग्य अधिवासात हलवणं, किंवा न मारता, विष न घालता संख्येचं व्यवस्थापन करणं. पिकाचं नुकसान करणाऱ्या ठरावीक जनावराला मारण्याची परवानगी वेगळी आणि एखादी जात ठरावीक भागापुरती, ठरावीक काळापुरती उपद्रवी म्हणून जाहीर करणं वेगळं. बिहारमध्ये रोही (नीलगायी) अशा उपद्रवी यादीत घातले आणि २०१६ साली मोकामा भागात बाहेरचा नेमबाज बोलावून दोनशेहून जास्त मारले. त्यावरून दोन केंद्रीय मंत्र्यांत उघड वाद झाला. त्यात कुणी गर्भ मोजले, वजनं घेतली, पुढच्या वर्षीचा आकडा ठरवला, असं मी ऐकलं नाही. त्याला मी नियंत्रित शिकार म्हणणार नाही.

दुसरं कारण चितळाच्या अंगातलं आहे, आणि ते मला कायद्याइतकंच मोठं वाटतं. अमेरिकेतली हरणी नोव्हेंबरात माजावर येते, मे-जूनमध्ये विते. डिसेंबरात तिला मारली तेव्हा तिची पाडसं सहा महिन्यांची, दूध सुटलेली, आपापली जगू शकणारी असतात. आमचा सगळा हंगाम या एका गोष्टीवर बेतलेला होता. चितळाला असा ठरलेला महिना नाही. आपल्याकडे वर्षाच्या कुठल्याही महिन्यात कळपात दूधपिती पाडसं दिसतात. म्हणजे चितळाची मादी कधीही मारली, तरी झुडपात दडवून ठेवलेलं पाडस उपाशी मरण्याची शक्यता आहेच. तिकडचं वेळापत्रक आणून इथं लावता येत नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी मला आशेची वाटते. न्यू जर्सीच्या हरणाला जायला जागा नाही. सागरेश्वरच्या चितळाला आहे. चांदोली आणि कोयना मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, ११६५ चौरस किलोमीटर. वाघ टिकायचा तर त्याला भक्ष्य हवं, आणि तिथं ते कमी आहे. सागरेश्वरातली चितळं चांदोलीकडे नेण्याचं काम वन खात्यानं हातात घेतलेलं आहे, ते मला मनापासून पटतं. पकडण्याची जी पद्धत मध्य प्रदेशात चितळांसाठी वापरली गेली ती 'बोमा'. हिरव्या कापडाच्या दोन लांब भिंती, नरसाळ्यासारख्या निमुळत्या होत गेलेल्या. आत चारा टाकून हरणांना बरेच दिवस तिथं यायची सवय लावायची. मग एक दिवस मागून पडदे ओढत जायचे. हरिण आपल्या पायांनी चालत गाडीत चढतं, त्याला माणसाचा हात लागत नाही. हात लागला नाही की ते घाबरून मरण्याचा धोका खूप कमी होतो. घाई करणाऱ्याला ही पद्धत जमत नाही. पडदा ओढताना एकानं आरडाओरडा केला की महिनाभराची मेहनत गेली.

पण एकदाच शंभर चितळं नेली की प्रश्न सुटला, असं मानू नये. शेळ्यांचाच हिशोब: नेताना माद्या किती नेल्या हे बघा. आणि पुढच्या वर्षी पुन्हा न्या, त्याच्या पुढच्या वर्षीही. सागरेश्वरात कुंपणाच्या आत आठ-दहा ठिकाणी जाळीचे छोटे तुकडे करून ठेवले, तर किती चितळं न्यायची हे वाद न घालता ठरवता येईल. जाळीच्या आत आणि बाहेर फरक पडेनासा झाला, म्हणजे रानाला झेपेल एवढीच हरणं उरली. तिकडची बंदूक इथं आणू नये असं माझं ठाम मत आहे. तिकडची मोजणी मात्र आजच आणावी.

गव्यांबद्दल थोडक्यात, कारण तो प्रश्नच वेगळा आहे. गवा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि माणसाच्या जिवाला धोका किंवा बरा न होणारा आजार-जखम असल्याशिवाय त्याला मारण्याची परवानगी मिळत नाही. गायीला एका वेळी एकच वासरू. त्याची संख्या हरणासारखी उसळत नाही. राधानगरी अभयारण्यातल्या सड्यांवर आणि कुरणांत रानमोडी हे बाहेरून आलेलं तण शिरलं, गवत मागं हटलं, आणि जंगलाच्या काठापर्यंत ऊस आला. गोड, रसरशीत, बारा महिने उभा. गवा उसात येतो तो या दोन्हींमुळं. दहा गवे मारले तर अकरावा त्याच वाटेनं येईल, कारण वाट आणि ऊस तिथंच आहेत. २०२१ च्या डिसेंबरात तो पार पंचगंगेच्या काठापर्यंत आला, तेव्हा बघ्यांच्या गर्दीनंच त्याला बिथरवलं. तिथं काम आहे ते रानमोडी उपटून कुरणं परत उभी करण्याचं, उन्हाळ्यात आत पाणवठे भरलेले ठेवण्याचं, सामायिक सौरकुंपणाचं, आणि पंचनामा होऊन भरपाई हातात पडायला जो वेळ जातो तो कमी करण्याचं. माझ्या भावाचा दोन एकर ऊस गव्यांनी तुडवला, तेव्हा भरपाईसाठी त्यानं किती चकरा मारल्या ते मी बघितलंय. तसा चकरा मारणारा माणूस गव्याच्या बाजूनं बोलेल अशी अपेक्षा मी करत नाही.

शेवटी नातीचं. ती रडली याचं मला वाईट वाटत नाही, मीही पहिल्या हंगामात गाडीत बसून रडलो होतो. तिला खोटं काही सांगू नका. लेकीला म्हणावं, पार्कच्या ऑफिसात विचार की तुमच्याकडे हरणांसाठी जाळी लावलेला तुकडा कुठं आहे. शिकार चालते त्या बहुतेक पार्कांत एखादा तरी असतो. मे महिन्याच्या सुरुवातीला तिला तिथं घेऊन जायला सांगा. जाळीच्या आत ट्रिलियम नावाचं रानफूल असेल तर त्या वेळी फुललेलं दिसेल: तीन पानं, त्यावर तीन पाकळ्यांचं एकच पांढरं फूल. बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला त्याला सात-आठ वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात, आणि हरणानं एकदा शेंडा खाल्ला की त्या वर्षी त्याला पुन्हा पान फुटत नाही. त्यातली काही झाडं तिच्याच वयाची असतील. जाळीच्या बाहेर किती सापडतात ते तिला मोजू द्या आणि आकडा मला कळवा.